मागचा उजवा

कुरियन कायमचा कोट्टयमला निघाला तेव्हा
पंचवीस दिनारांत हा रिसीव्हर देऊन गेला,
पाच स्पीकर, एक बुटका सबवूफर
आणि पाठीला चिकटपट्टी लावलेला रिमोट.
"आवाज घेरतो," म्हणाला. हात पसरून दाखवलंही.

मुहर्रकच्या आमच्या फ्लॅटमध्ये आवाज
घेरत नव्हता. समोर उभा राहून बोलत होता,
बँकेच्या काउंटरमागच्या माणसासारखा.
मागचे दोघे भिंतीवर टांगलेले, गप्प,
लग्नात कुणी न विचारलेल्या काकांसारखे.

गुरुवारी रात्री मांडी घालून बसलो.
आधी वायरी. लाल लालला, काळी काळीला,
तांब्याचा एक केस इकडचा तिकडे नाही.
हे काम मला येतं, पगार त्याचाच खातो.
मग चाचणीचा आवाज लावला:
फिस्स, डावा. फिस्स, मधला. फिस्स, उजवा. मग मागे.
कस्तुरी गालिच्यावर मधोमध बसून
त्या त्या कोपऱ्याकडे बोट फिरवत होती.
पाचही बोलले, असं तिचं म्हणणं.
म्हणजे स्पीकर जिवंत होते.
त्यांना बोलावणंच येत नव्हतं.

काचेवर मात्र तीच हिरवी अक्षरं: स्टिरिओ.
सुनेत्रा म्हणाली, ऐकू येतंय ना, झालं तर.

साडेअकराला विमान उठलं,
डाव्या खिडकीतून आलं, छताच्या पंख्यावर चढलं
आणि उजवीकडून मागे समुद्रावर गेलं.
"फुकटचं सराउंड," कस्तुरी म्हणाली,
तिचं बोट कितीतरी वेळ त्याच्यामागे जात राहिलं.
माझं विमान पंख्यापाशीच संपलं होतं.

बारानंतर कळलं.
स्ट्रीमिंगचा डबा मी टीव्हीला जोडलेला, टीव्ही रिसीव्हरला.
डबा सुरू होताना दर वेळी विचारतो,
पलीकडे कान किती?
टीव्ही आपल्यापुरतं सांगतो: दोन.
डबा दोघांपुरतंच वाढून पाठवतो.
यात कुणी खोटं बोललं नव्हतं,
प्रश्न फक्त चुकीच्या दारात जात होता.

डबा काढून थेट रिसीव्हरच्या पाठीत खुपसला,
टीव्हीला बसवला रांगेत शेवटी.
डब्याच्या सेटिंगमध्येही कुणीतरी स्टिरिओ करून ठेवलेलं
(मीच, कस्तुरीच्या सहामाहीच्या वेळी).
ते ऑटोवर नेलं. हिरवी अक्षरं बदलली.

जंगलाचा कुठलासा कार्यक्रम लावला.
समोर बेडूक, आणि मागे एकदम रातकिडे.
कस्तुरी दचकून वळली, "दोन्हीकडून!"
मी डावीकडेच वळलो.
म्हटलं, मागचा उजवा अजून बंद आहे.
"बाबा, तोच तर मोठ्याने ओरडतोय."

स्टुलावर चढलो. पडद्याला बोट लावलं,
तो थरथरत होता, घुरघुरणाऱ्या मांजराच्या गळ्यासारखा.
डावा कान लावला: किडे.
उजवा लावला: लांब कुठेतरी कुणी
कापड घडी करतंय.

चौदा वर्षं कंप्रेसर हॉल.
दर वर्षी कंपनी काचेच्या खोलीत बसवते,
टूं ऐकू आलं की बटण दाबायचं.
यंदाचा कागद कपाटात आहे, पासपोर्टच्या खाली,
त्यावरची एक रेघ जिना उतरल्यासारखी उतरते.
डॉक्टरांना मी म्हणालो होतो, तुमचं यंत्र जुनं असेल.

रिमोट घेतला. मागचा उजवा:
अधिक दोन. अधिक चार. अधिक सहा.
कस्तुरीने कानांवर हात ठेवले.
परत शून्यावर आणला.

दोघी झोपल्यावर सोफा थोडा फिरवला.
सकाळी सुनेत्राने विचारलं, हा असा तिरका का?
म्हटलं, एसीचा वारा थेट अंगावर येत होता.