बाजू बदलताना

पापाची तिकटी, शहाऐंशीची अनंत चतुर्दशी,
रात्रीचे अडीच.
बागवान ब्रास आणि मोमीन बंधू समोरासमोर थांबले,
मधे दहा पावलं मोकळी,
आणि त्या दहा पावलांत इलाही मास्तरांची क्लॅरिनेट
एकटीच चालत आली.

मी सायकल दुकानाच्या फळीवर.
पोटाशी टू-इन-वन, वरनं आईची शाल,
उद्यमनगरातल्या भट्टीचे पाच पगार त्या डब्यात.
मास्तर वर चढत होते,
वर, आणखी वर,
आता पुढं पायरीच नाही असं वाटलं
आणि खट्.

ए बाजू संपली.

काढली, उलटली, दाबली.
लाल ठिपका पेटला तेव्हा
मास्तर गळ्याचा घाम पुसत होते
आणि अख्खी तिकटी शिट्ट्या मारत होती.
कशासाठी, ते माझ्या कॅसेटला ठाऊक नाही.
मी तिथंच होतो.
पण माझा जीव बटणात होता.

नंतर ही कॅसेट लांब लांब फिरली.
हुपरीच्या चांदीवाल्या आवटीकडं,
निपाणीच्या वखारीत आण्णाप्पा मगदुमाकडं,
तिथनं संकेश्वर, गडहिंग्लज, कुठं कुठं.
पैसे घ्यायचे नाहीत, हा एकच कायदा.
दोन कोऱ्या पाठवा, एक भरून मिळंल,
दुसरी माझी.
कव्हरावर लिहायचं: गाव, रात्र, बँड,
आणि ही नक्कल कितवी.
चौथ्या नकलेत ढोल पाण्यात बुडालेला असतो
आणि क्लॅरिनेट डासासारखी.
तरी लोक ऐकायचे.
आवटी तर म्हणायचा, भावा,
त्या खट्ला माझा हात आपोआप थांबतो,
हातोडी वरच राहती.

बागवान ब्रास दोन हजार तीनला मोडला.
कपडे विकले, टोप्या मुलांनी खेळायला नेल्या.
मास्तरांनी आयुष्यात स्वतःचं वाजवणं
एकदाही ऐकलं नाही.
मी दारापर्यंत गेलो होतो, कॅसेट घेऊन.
अकरा सेकंद नसलेली कशी द्यायची
म्हणून परत आलो.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा मिरजेहून एक पुडकं आलं.
सुवार्ता सिस्टर, मिशन हॉस्पिटल, निवृत्त.
वॉर्डात पाय कापलेला एक युफोनियमवाला होता,
त्याला मिरवणूक चुकली म्हणून
त्या रात्री एसटीनं येऊन तिनं भरून नेली.
तो गेला. कॅसेट औषधांच्या कपाटात राहिली.
आण्णाप्पाच्या सुनेकडनं माझा पत्ता मिळाला, म्हणे.

दार लावून घेतलं.
मास्तर चढायला लागले.
वर. आणखी वर.
माझा अंगठा सवयीनं उठला,
आणि या वेळी काहीच संपलं नाही.
क्लॅरिनेट त्या नसलेल्या पायरीवर पाय ठेवणार,
तेवढ्यात अगदी कानाजवळ,
कुणीतरी सव्वीस वर्षांचा, घोगरा,
"आयला, संपली की रं!"
आणि पुढं एक शिवी,
चांगली लांब, रांगडी,
मास्तरांच्या त्या सगळ्या सुरावर पसरलेली.

म्हणजे ती माझ्या शेजारीच उभी होती.

पन्नास वेळा ऐकलं असंल.
शिवीच्या पाठीमागं काहीतरी चमकतं,
बारीक, जसं भट्टीचं दार
लावता लावता दिसावं.
मास्तरांचा नातू म्हणाला, काका,
हल्ली कंप्युटरवर माणसाचा आवाज तेवढा पुसता येतो.
म्हटलं, पूस बाबा. तुझ्यापुरतं पूस.
आणि त्याच्याकडनंही दोन कोऱ्या मागितल्या.
तो हसला. कोऱ्या आता कुठं मिळतात?

वही काढली. शेवटचं पान.
पापाची तिकटी, ८६, बागवान ब्रास.
मूळ प्रत, मिरज.
आवाज: बरा.
तूट: नाही.
शिवी: माझी.