टक्

जानेवारीत, काआझापाच्या पलीकडच्या तांबड्या रस्त्यावर
उन्हाला वजन असतं.
दुपारी कुत्रीसुद्धा भांडत नाहीत.
नेमका अशा दुपारी सासूबाईंचा पंप गप्प झाला.

"बघ जरा," दोन्या देओग्रासिया म्हणाल्या.
लग्नाला अकरा वर्षं झाली,
पण त्या "जरा"मध्ये अजून माझी परीक्षा असते.

पान्हा घेतला, टेस्टर घेतला,
चेहऱ्यावर माहीतगाराची घडी घातली.
फ्यूज ठीक. वीज होती,
दोनशेवीसच्या जागी एकशेनव्वद,
पण इकडे तिला असंच, दमून यायची सवय आहे.
मोटर गुरगुरली असती तर म्हणालो असतो, कपॅसिटर.
नुसती फिरली असती तर म्हणालो असतो, हवा धरली.
आजारी माणूस निदान कण्हतो.
हा नुसता पडून.

तरी मी कपॅसिटर काढला.
काहीतरी काढायला हवंच होतं.
एउस्ताकियोच्या विहिरीवरून अर्धी बादली आणून
पंपाच्या तोंडात ओतली;
त्याने ती मुकाट पोटात ठेवली.
मागून पंख्याची जाळी काढून शाफ्ट फिरवला.
मोकळा फिरला.
म्हणजे जाम नाही.
म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं.

सासूबाई लापाचोच्या सावलीत
थर्मासमधलं शेवटचं गार पाणी
घोट घोट तेरेरेत ओतून पीत होत्या
आणि दर घोटाला माझ्याकडे बघत होत्या.
आतून लिदुविनाचा आवाज:
"झालं का? हात पिठाचेच आहेत माझे!"

मग मी जाहीर केलं:
पाइप वर काढावा लागेल. फूट वॉल्व्ह गेला असणार.
उद्या विलारिकाहून माणूस बोलावू.

"मेन बंद आहे ना?"
"आहे."
उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत.
एप्रनच्या खिशातून जुना टूथब्रश काढला
(म्हणजे तो पहिल्यापासून खिशातच होता)
आणि प्रेशर स्विचचं करडं झाकण,
एकच नट, बोटांनीच.

आत मुंग्या.
बारीक, तांबूस,
पॉइंटच्या दोन ओठांत चिरडून जळालेल्या,
एकीवर एक, काळी साय धरावी तशा.
तांब्याने तांब्याला शिवायचं, एवढंच तर काम;
मधे ही केसाएवढी प्रेतं,
आणि तेवढ्याने घरभर भांडी कोरडी.

ब्रश फिरवला. फुंकर मारली.
मग कपाळाकडे हात नेला,
क्रूस काढला की घाम पुसला, नीट दिसलं नाही.
"तीन वर्षांपूर्वीपण ह्याच होत्या."
"मग आधी का नाही बोललात?"
"तू विचारलं नाहीस. शिवाय तू इतका रंगला होतास."

कपॅसिटर परत बसवला. मेन वर केला.

टक्.

तोटी आधी खोकली,
मग तांबडं थुंकली, मग पांढरं,
मग एकदम खूप बोलायला लागली.
काटा थरथरत चढला, थांबला.
पहिली बादली एउस्ताकियोकडे गेली,
अर्धीच्या बदल्यात भरून.
मी पान्हा पुसत राहिलो, जो कुठेच लागला नव्हता.

रात्री सगळे निजले.
तोटी कुणी उघडली नव्हती.

टक्.

मी मोजायला लागलो.
बेचाळीस सेकंद चालला. थांबला.
चार मिनिटांनी पुन्हा, टक्.
म्हणजे कुठेतरी गळतंय.
वॉशर, किंवा टाकीतली हवा गेली,
किंवा खरंच तो फूट वॉल्व्ह,
ज्याचं नाव मी दुपारी अंधारात दगड मारावा तसं घेतलं होतं.

भिंतीपलीकडे पलंग करकरला.
त्याही जाग्या होत्या. त्याही मोजत होत्या.
दोघंही गप्प पडून राहिलो,
आधी कोण उठतं बघत.