पुढचा डावा

पाणी उतरलं तशा गाड्या किल्ल्याकडे निघाल्या.
माझ्या गाडीत पुण्याचे चौघे, एक रडकं पोर,
आणि पुढे सुरमई, नेहमीसारखी कान हलवत.

चालीत चार ठोके असतात.
मागचा डावा, पुढचा डावा,
मागचा उजवा, पुढचा उजवा.
बाबा म्हणायचा, डोळे मिट आणि मोज.
घोडं दुखणं गिळतं, टाप गिळत नाही.

वाळू गिळते.
अलिबागची ओली वाळू म्हणजे गोधडी,
सगळे ठोके पोटात घेते.
मला ऐकू काहीच आलं नाही.
फक्त लगामात, करंगळीपाशी,
काहीतरी उशिरा पोचल्यासारखं वाटलं.

गाडी वळवली.
"अहो ताई, किल्ला तिकडे!"
पैसे परत केले. हसुरामच्या गाडीत त्यांना बसवलं.
रविवार होता.

साज उतरवून तिला जेट्टीच्या सिमेंटवर आणलं,
दुडकीत धरून पळवलं.
दुडकीला दोनच ठोके, तिरप्या जोडीचे.
टक, टक. टक, टक.
आणि दर दुसऱ्याला मान वर.

शहाळेवाला म्हणाला, उजवा गेला गं,
बघ कशी त्याच्यावर मान टाकते.
सगळे असंच बघतात.
मान जिथे खाली जाते तो पाय धड.
दुखऱ्यावर ती स्वतःला उचलून घेते,
आजारी माणसाच्या खाटेजवळून
चवड्यांवर जावं तशी.

डावा खूर मांडीवर घेतला. गरम.
खुराच्या वर, मागच्या खोबणीत नाडी असते,
धड पायाची शोधावी लागते.
हिची अंगठ्याला धडका देत होती.

दुपारी शरफू नालबंद आला, गालात पान.
चिमट्यानं खूर दाबत गेला,
एकेका खिळ्यापाशी थांबत.
तिसऱ्याला तिनं पाय हिसकला.
"माझाच," तो म्हणाला. "आत गेलाय."
खिळा उपसला. मागून काळं पाणी आलं, वासाचं.
शरफूनं पान थुंकलं नाही, गिळलं.
पैसे घेतले नाहीत.

मिठाचं गरम पाणी, वर गोणपाट.
गाडी माडाखाली, दांड्या आभाळाकडे.
हसुराम रोज विचारतो, कधी?

संध्याकाळी गर्दी पांगली की
तिला सिमेंटवर नेते, हळू,
आणि डोळे मिटते.
मागचा डावा.
पुढचा

अजून नाही.