पाचर

शरणपूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर शौचेबाईंनी माझा जबडा
पडद्यावर उभा चिरून दाखवला.
वरची कड, करडी, सुरीच्या पात्यासारखी.
अडीच मिलिमीटर, त्या म्हणाल्या,
स्क्रू बसायला निदान सहा हवेत.
समोरचे चार दात जाऊन बारा वर्षं झाली,
आणि हाडाला काम नसलं की ते निघून जातं.
हे त्यांनी हळू सांगितलं.
मला नवं नव्हतं.

रुंदी वाढवायची तर एक म्हणजे भुकटी.
गाईच्या हाडाची, दाणेदार,
भाजून, धुऊन, सगळं गाईपण काढून टाकलेली.
वरून पातळ पडदा, आणि वाट बघायची.
मी विचारलं, एकादशीला चालेल का?
त्या गंभीरपणे म्हणाल्या, डुकराची पण येते.
मग दोघी हसलो. मी तोंडावर पदर धरून.

नाहीतर कड मधोमध चिरायची,
पातळ छिन्नीनं हलके हलके उघडायची,
फटीत भर घालायची.
मी खुर्चीत उठून बसले.
अहो, ही तर पाचर!

तेवीस वर्षं हेच करते मी, मॅडम.
दिंडोरीत, मोहाडीला, पालखेडकडे.
जंगली खुंट मधोमध चिरायचा,
द्राक्षाची काडी दोन्ही अंगांनी तासून आत बसवायची,
सालीला साल लागली पाहिजे,
पट्टी घट्ट, पण गळा आवळल्यासारखी नाही.
दिवसाला दीडशे कलमं. अंगठ्याचं नख बघा.

त्यांनी नख बघितलं खरंच.
मग पडदा माझ्याकडे वळवला.
"तर मग गांगुर्डेबाई, हा खुंट चिरू का?"

दोन पांढऱ्या रेघा,
एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये गर नाही.
पेन्सिलीहून बारीक खुंटाला आम्ही चाकू लावत नाही.
लावला तर एक बाजू हातात येते.
नको, म्हणाले. फाटेल.
त्यांनी मान हलवली,
जशी आमचा मुकादम कधी हलवत नाही.

राहिलं आपलंच हाड.
खालच्या जबड्यातून, अक्कलदाढेच्या मागून
चिंचोक्याएवढा तुकडा काढायचा,
वरच्या कडेला बाहेरून बारीक स्क्रूंनी आवळायचा.
दुखेल दोन जागी.
जीव धरायची आशा जास्त,
तरी थोडं झिजतंच, त्या म्हणाल्या, खोटं कशाला सांगू.

आता चैत्र. मी बोटांवर मोजलं.
कलमं सुरू व्हायच्या आत टाके निघतील,
आश्विनात दात.

आणि जिथून काढाल तिथे?
"भरून येतं. बहुतेक."

जिन्यात जीभ मागे नेऊन
ती जागा चाचपली. शाबूत.
खाली गाडीवर काकडी होती, तिखटमीठ लावलेली.
एक घेतली,
मान वाकडी करून, बाजूच्या दाढांनी
नेहमीसारखी तोडली.
निमाणीची बस आली. बसायला जागा होती.