याद्या

आमच्या निनादच्या लग्नाच्या याद्या झाल्याच नाहीत.
परस्पर, तिकडे रीगाच्या कुठल्याशा कचेरीत
दोन सह्या करून मोकळे झाले दोघं
आणि इकडे जेलरोडला फोटो आला मोबाइलवर.
त्यात ती हसत नव्हती, तोही नाही. थंडी असावी.

आज सात वर्षांनी
ओझरजवळच्या गोदामात, पत्र्याच्या शेडखाली
मी आणि इल्झे बसलोय याद्या करायला.
वस्तू. नग. खरेदीचं वर्ष. अंदाजे मूल्य.
निनाद अजून तिकडंच, नोटिशीचे दिवस भरतोय.
सामान पुढं आलं, सून पुढं आली.

मी सदतीस वर्षं प्रेसमध्ये तपासनीस.
पासपोर्टची कोरी पुस्तकं हाताखालून गेली,
पानं, शिलाई, नंबर.
स्वतःचा काढला नाही. जायचं होतं कुठं?
आणि 'घोषणापत्र' म्हटलं की मला
बोनसच्या वर्षी गेटवर बसलेला माझा घसा आठवतो.

"लिहा, बाबा," म्हणते ती.
ळ अजून जागेवर सापडत नाही तिला,
बाकी मराठी निनादचंच, तसंच तुटक.

शिवणयंत्र, एक.
पुन्हा शिवणयंत्र, एक.
शिरसाठसाहेब मान वर करतात.
"कुटुंबाला प्रत्येकी एकच धरतो आम्ही.
दुसऱ्यावर शुल्क पडेल."
एक तिच्या आईचं, पायानं चालवायचं.
दुसरं तिचं, विजेचं, पहिल्या पगारातलं.
"मग दोन कुटुंबं लिहा की," मी म्हणालो
आणि जीभ चावली.
सून शेजारीच.

"कुटुंब म्हणजे?" तिनं विचारलं.
काय सांगणार!
माझे वडील आईलाच कुटुंब म्हणायचे,
चारचौघांत, नाव न घेता:
आमचं कुटुंब माहेरी गेलंय.

पुढची वस्तू तिला सांगता येईना.
हातांनी दाखवलं: लाकूड, खोलगट,
आत काळ्या पावाचं पीठ रात्रभर आंबत ठेवायचं.
"काथवट," मी म्हणालो
आणि तेच लिहिलं, मराठीत.
एकोणऐंशी साली सिन्नरला, सासऱ्यांच्या अक्षरात,
आमच्या यादीतही होती:
काथवट एक, पितळी हंडा एक, समया दोन.
दोन का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"मूल्य?"
"शून्य," इल्झे म्हणाली. "चीर गेली आहे."
"शून्य चालत नाही, मॅडम. काहीतरी टाका."
काहीतरी!
सदतीस वर्षांत एक आकडा अंदाजे लिहिला नाही मी.
एक पान कमी भरलं तर
दरवाजे बंद, घरी कुणी जायचं नाही,
पान सापडेपर्यंत.

मी भांडलो साहेबांशी.
चीर दाखवली, बोट घालून.
यंत्राचं चाक फिरवून दाखवलं, गंज दाखवला,
हे जुनंच आहे हो, वापरातलं आहे,
मुलीनं आईच्या घरून आणलंय, विकायला नाही.
बोलता बोलता लक्षात आलं,
याद्यांना असं कोण बोलतं.
टोपी हातात घेऊन
सिन्नरचे माझे सासरे बोलले होते असे,
आणि मी तेव्हा पलीकडं बसून
चहात बिस्किट बुडवत होतो.

दुसऱ्या यंत्राचं शुल्क भरलं. मी भरलं.
पावतीचा नंबर दोनदा ताडून पाहिला.
काथवटीपुढं साहेबांनीच काहीतरी टाकलं,
मी वाचलं नाही.

येताना टेम्पोत पुढं तिघं,
काथवट तिच्या मांडीवर, आत माझी फाइल,
फाइलवर गोदामाबाहेर घेतलेली द्राक्षं, पावशेर.
आडगाव नाक्याला वाहतूक तुंबली.
"सगलं झालं?" तिनं विचारलं.
"सुपारी फोडायची राहिली," मी म्हणालो.
ती फाइल उचलून
खाली कुठं पडली का, ते पाहू लागली.