छपरावरची नळी

तीन दिवस कमोड माझ्याशी नीट वागत नव्हता.
दांडी दाबली की पाणी चढायचं काठापर्यंत,
तिथं थांबून विचार करायचं,
आणि मग कुणी नाक दाबून काढा पाजावा
तसं एकेक घोट, तोंड वाकडं करत
खाली जायचं.
मागाहून बाथटबच्या भोकातून एक ढेकर.

बाहेर उणे अडतीस. सस्कॅचवानचा जानेवारी.
अंगणात गाडी वायरीनं बांधलेली,
इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेवर उबवत.

मी काय नाही केलं.
रबरी पंपानं इतकं हाणलं की खांदा भरून आला.
बादलीभर गरम पाणी ओतलं, भांड्यांचा साबण घालून.
दुकानातून पंचवीस फुटी तारेचा साप भाड्यानं आणला,
तो गेला तसा परत आला, रिकाम्या तोंडानं.
ऑरेस्टला फोन लावला, उत्तरेला, खाणीवर.
तो म्हणाला, 'तू काय टाकलंस त्यात?'
लग्नाला बावीस वर्षं झाली,
बिघडो नळ की गाडी, पहिला प्रश्न हाच.
मी काही टाकलं नव्हतं.
फोन तेवढा टाकला, टेबलावर.

प्लंबर म्हणाला, सोमवारी येतो. तो बुधवार होता.
बुधवार ते सोमवार माणसानं काय करायचं
हे त्यानं सांगितलं नाही.
मी गावच्या लायब्ररीत जाऊन बसू लागले.
'वाचनाची गोडी लागली वाटतं,' तिथली बाई म्हणाली.
मी हो म्हणाले.

शेजारी अर्विन फ्रीसेन.
तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या यंत्रानं त्याचा बर्फ
माझ्या दारात उडवला,
मी फावड्यानं तो त्याच्या दारात परत केला,
तेव्हापासून अबोला.
टपाल कचेरीच्या रांगेत आम्ही एकामागे एक उभे राहतो,
चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाकिटांसारखे.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं.
उघडलं तर तो. पापण्यांवर बर्फ,
खांद्यावर शिडी, हातात टॉवेलात गुंडाळलेली किटली.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
म्हणाला, 'तुमच्या छपरावरच्या नळीतून
मंगळवारपासून वाफ येत नाहीये.'

मला आधी कळेचना.
मग त्यानं बोट केलं.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छपराछपरावर एक नळी,
प्रत्येक नळीला सकाळचा पांढरा श्वास,
माझ्याच नळीवर तेवढी बर्फाची टोपी.
घराची ऊब वर जाता जाता
तोंडाशीच गोठत राहिली, आणि भोक बुजलं.
'घाण खाली जायला वरून हवा लागते,' तो म्हणाला,
'बाटली उपडी केली की बघा, डुबुक डुबुक.'

आणि मी तीन दिवस खाली वाकून बघत होते.

मी शिडी धरली. तो चढला,
सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरत.
किटली कलंडली तसा वाफेचा असा लोट उठला
की तो दिसेनासाच झाला,
नुसत्या शिव्या ऐकू आल्या, त्याच्या आजीच्या भाषेत.
मग काठीचा आवाज, ठक् ठक्.
मग, 'जा! दाबा!'

मी बुटांसकट आत पळाले. दाबलं.
एक घुसळण, एक गर्जना,
आणि सगळं एका दमात.
वरून, थेट नळीतून, आवाज आला,
'घेतला! श्वास घेतला!'
बाळ रडलं की सुईण ओरडते ना, तसा.

कॉफीला थांबला नाही.
जाताना म्हणाला, 'यंदा वाराच तुमच्या बाजूला आहे,'
म्हणजे बर्फाचा विषय निघालाच.
अजूनही त्याचं यंत्र थोडा बर्फ इकडे टाकतं.
अजूनही मी फावडं घेते.

पण रोज सात वाजता, चहाचं पाणी ठेवण्याआधी,
खिडकीच्या काचेवरचं दहिवर नखानं खरवडून
एका डोळ्यापुरती जागा करते
आणि त्याचं छप्पर बघते.
येतेय.
बारीक आहे, पण येतेय.