लेश मातू?

शारजाच्या एका मॉलमध्ये मी डायनोसॉर चालू ठेवतो.
एकूण सात. रबरी कातडी, चिनी मोटर,
पोटाला चेन. उघडली की आत वायरी,
एकदा कुणाचा तरी मोजा सापडला.

दर अर्ध्या तासाला ते मरतात.
दिवे तांबडे होतात, स्पीकरमधून एक गंभीर बाई
अरबीत आणि इंग्रजीत सांगते
की आकाशातून दगड आला.
मी पडद्यामागे बटण दाबतो.
धूर सुटतो, माना एकेक करून खाली जातात,
तीन नंबरची अडकते.
तिला मागून धक्का द्यावा लागतो.

काल इफ्तारनंतरच्या गर्दीत
एक पोरगी दोरीखालून आत शिरली
आणि माझ्या हातातल्या पान्याकडे बघत
मलाच विचारलं, लेश मातू?
का मेले?
मला ऐकू आलं माती.
आमच्याकडे माणूस गेला की लोक मातीला जातात.
ह्यांच्या मातीला कोण गेलं असेल?
मी बोट वर केलं, आकाशाकडे,
म्हणजे मॉलच्या छताकडे.
तिला काही पटलं नाही.

कोपऱ्यात एक पाटी आहे, तिथे कुणी थांबत नाही.
तिच्यावर दुसऱ्या संशयिताचं नाव आहे, दख्खन.
त्याच सुमाराला तिथली जमीन फाटली म्हणे,
लाव्हा वाहत राहिला, थरावर थर,
हवा नासली. शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.
नकाशात आमचं श्रीगोंदा नाही,
पण लाल रंग बरोबर त्याच्यावरून गेलाय.

म्हणजे तोच दगड,
जो आज्जाने घणाने फोडला,
बापाने ज्याचे पाटे-वरवंटे घडवून गाढवावर लादले,
ज्याची कपची उडून बापाचा डावा डोळा गेला.
आम्हाला वाटायचं, त्याने फक्त आमचंच वाईट केलं.

रात्री फोनवर बापाला सगळं सांगितलं.
बराच वेळ सुतकीसारखा गप्प.
मग म्हणाला, असंल. काळा दगड गार दिसतो,
पर तो आधी आगच व्हता, हे हाताला कळतं.
मग विचारलं, व्हिसा वाढला का?

ईदनंतर हे सगळं दम्मामला जातंय.
सात खोकी येऊन पडलीत.
माझं कुणी काही बोललेलं नाही.

अकराचा शेवटचा खेळ.
दिवे, बाई, दगड.
सहा माना खाली गेल्या.
तीन नंबर तशीच उभी, धुरात,
छताकडे बघत.
आज मी मागे गेलो नाही.